मी उपटून आणलेलं गेलाम

मी मूळचा उरुळी कांचनचा, पुण्याकडचा. वडील नर्सरीत कामाला, गुलाबाचे डोळे भरायचे, म्हणजे कलमं करायचे, आणि आम्ही भावंडं पिशव्यांत माती भरायचो, त्यामुळे झाडांची ओळख मला कुणी शिकवावी लागली नाही, ती हातालाच लागलेली. पुढे कॉम्प्युटर शिकलो, सिंगापूरला आलो, त्याला चौदा वर्षं झाली. रॅफल्स प्लेसला एका बँकेचं सॉफ्टवेअर सांभाळतो, राहायला सेंगकांगला, अकराव्या मजल्यावर. आणि काय सांगू तुम्हाला, अकराव्या मजल्यावर हाताला माती लागत नाही हो, माणूस कोरडा पडतो. म्हणून बोन्साय धरलं.

शनिवारच्या बोन्साय क्लासमध्ये शिकवायला लिम अंकल होते, झाडं ओळखायचा वर्गही तेच घ्यायचे. हौगांगला एकटेच राहायचे, वय ऐंशीच्या पुढे, बायको गेलेली. वर्ग संपला की मला म्हणायचे, ईट फर्स्ट, मग झाडाचं बोलू. हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारात, बसायचो आणि ते मला इथली मूळची झाडं सांगायचे. त्यांचा जीव सगळा गेलामवर. गेलाम म्हणजे इथलं टी ट्री, आपण जाहिरातीत तेलाचं नाव ऐकतो ना, त्याच्या भाऊबंदातलं. साल कागदासारखी, पापुद्रे सुटतात. पान चुरगळून नाकाशी धरलं की कापूर आणि निलगिरी यांच्या मधला वास येतो. बॉटलब्रश लांबून तसंच दिसतं, पण त्याची फुलं लाल, गेलामची पांढरी. मी म्हटलं, अंकल, ही तर रस्त्याकडेला लावलेली आहेत की. तर म्हणाले, ती लॉरीतून आली, मी तुला आपलं आपण आलेलं दाखवतो.

आणि घेऊन गेले. रिझर्व्हॉयरच्या मागे पाणथळ रान आहे, तिथं पूर्वी त्यांचं गाव होतं, वडिलांची होडी होती, होडीच्या फळ्यांच्या फटीत गेलामची साल ठोकून भरायचे, पाणी आत येत नसे. मग गाव उठलं, सगळे फ्लॅटमध्ये गेले, राहिलं ते हे एक झाड. गवत कापणारे दरवर्षी वरून छाटायचे, म्हणून उंची कमरेएवढीच, पण खोड मांडीएवढं. अंकलनी त्याच्यावर हात ठेवला आणि मला म्हणाले, सी ओन्ली, हां, डोन्ट टच.

आता तुम्ही बोन्साय करत नाही म्हणून सांगतो, असं खोड कुंडीत तीस वर्षं वाढवूनही येत नाही. मी झोपलो की ते खोड दिसायचं, जेवताना दिसायचं.

मग अंकलचा गुडघा गेला. मला म्हणाले, तू तरुण आहेस, महिन्यातून एकदा जात जा, फोटो पाठव. मी इथल्यासारखंच म्हटलं, कॅन, अंकल, म्हणजे हो, जमेल.

पहिल्याच महिन्यात गेलो आणि उपटलं. एका रविवारी सकाळी. तिथलं पानही तोडायची परवानगी नाही, मला माहीत होतं. मुलीची जुनी बाबागाडी घरात पडून होती, तिच्यात करवत आणि खुरपं घालून नेलं, येताना झाड छाटून तिच्यातच निजवलं आणि वर चादर घातली. एलआरटीत, म्हणजे आमच्याकडच्या छोट्या मेट्रोत, एका म्हाताऱ्या बाईंनी सरकून जागा करून दिली, वाकून हळूच विचारलं, बेबी झोपलंय? मी म्हटलं, हो, झोपलंय. बघा, चोरी एकदाच केली होती, पण ते वाक्य बोललो तेव्हा मला कळलं मी कोण आहे ते.

घरी वृषाली, माझी बायको, म्हणाली, हे कुठून आणलंस? मी म्हटलं, क्लासमधल्या एकानं दिलं. तिनं माझ्या चिखलाच्या बुटांकडे बघितलं.

झाड सहा आठवड्यांत गेलं. मुळांची चिखलमाती मी धुऊन काढली, कोरड्या मिश्रणात लावलं, अगदी पुस्तकी. नर्सरीवाल्याचा पोरगा मी, आणि पाणथळातल्या झाडाला त्याचा चिखल लागतो एवढं मला कळू नये? पानं तपकिरी झाली आणि गळाली. आणि त्या सहा आठवड्यांत, आणि पुढेही, मी अंकलना फोटो पाठवत होतो. जुनेच. पहिल्या भेटीत वीसेक काढले होते, त्यातला एकेक. ते उलट लिहायचे, व्हेरी गुड, थँक यू. सात महिने.

मग एक दिवस म्हणाले, आता काठी घेऊन जमतंय, आपण जाऊ. मला नाही म्हणता आलं नाही. टॅक्सीत ते होडीच्या गोष्टी सांगत होते. तिथं पोचलो तर खड्ड्यात पाणी साचलेलं, वर शेवाळ. अंकलनी काठीनं शेवाळ बाजूला केलं, मग म्हणाले, बहुतेक पार्कवाल्यांनी काढलं असेल, त्यांना माहीत नसेल. माझ्यासाठी वाट मोकळी होती हो. पण मी म्हटलं, अंकल, मी काढलं. आणि फोटो जुने होते.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, जिवंत आहे? मी म्हटलं, नाही. मग काठी टेकत टॅक्सीकडे निघाले. मी हात धरायला गेलो, त्यांनी हात काढून घेतला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी रान सांभाळणाऱ्या खात्याला स्वतःहून पत्र लिहिलं. त्यांनी बोलावून जबाब घेतला, लेखी ताकीद दिली. तेही सोपंच गेलं. अंकल तीन महिने फोन घेईनात. चौथ्या महिन्यात त्यांचाच फोन आला, म्हणाले, मला आता शनिवारी उभं राहवत नाही, झाड ओळखायचा वर्ग तू घे. मी म्हटलं, अंकल, मी कुठल्या तोंडानं घेऊ? ते म्हणाले, ह्याच तोंडानं घे, लोकांना सांग.

तेव्हापासून मीच घेतो. रस्त्याकडेच्या झाडांची गळालेली पानं आणतो, चुरगळून वास घ्यायला लावतो. दर नव्या वर्गात कुणी ना कुणी विचारतंच, सर, तुम्ही रानातलं पाहिलंय का? मी सांगतो, पाहिलंय, एक होतं, मी उपटलं आणि मारलं. मागच्या खुर्चीवर अंकल असतात, ते खाली बघतात. मग मी पुढचं पान हातात घेतो.