पन्नास पावलांवर

(सकाळ. मातीच्या रस्त्याकडेला बाकावर काठी धरून बसलेली आई. जवळ तिची मुलगी, पायाने ढकलायच्या स्कूटरवर. स्कूटरला लवचीक दोरीने बांधलेला कुत्रा, गुंड्या. शेजारी धाकटा भाऊ.)

भाऊ : चौथ्यांदा बसला, ताई. आता सोड त्याला. नवे मालक अकराला न्यायला येतायत.

ताई : अजून दोन तास आहेत. आणि तो हट्टाने बसत नाहीये. दोरी ताणली की बसायचं, हे वर्षभर त्याला शिकवलं कोणी?

भाऊ : मी. आईला फरफटवलं होतं त्याने. खुब्याचं हाड मोडलं. विचार तिला.

आई : मला कोणी काही विचारू नका. मी ऊन खायला आलेय.

ताई : ओढणं त्याच्या रक्तात आहे रे. डांबून ठेवलास म्हणून त्याने सोफा फाडला, दार कुरतडलं. रोज दोन किलोमीटर स्कूटर ओढली तर दिवसभर गप्प पडून राहील.

भाऊ : आणि तुला आपटलं तर?

ताई : हेल्मेट आहे, दोन्ही चाकांना ब्रेक आहेत. ‘थांब’ त्याला येतंच, तुझी कृपा. ‘चल’ तेवढं येत नाही.

भाऊ : कसं येणार? माझ्याकडेच वळून बघतोय.

ताई : विचारतोय तुला. सुरुवातीला पुढे कुणीतरी आवडीचं माणूस लागतं. पन्नास पावलांवर उभं राहून बोलवायचं. जा, तुझी ती शीळ घाल.

भाऊ : मी नाही.

ताई : पिल्लू होता तेव्हापासून त्याच शिळेवर धावतो तो.

भाऊ : नाही म्हटलं ना एकदा.

आई : वर्ष झालं, घरात शीळ ऐकली नाही मी. आंघोळ करतानासुद्धा नाही.

भाऊ : आई, तू ऊन खातेयस ना?

आई : खातेय. त्या दिवशीही असंच ऊन होतं. तू रस्त्यापलीकडे, औषधाच्या दुकानापाशी उभा होतास.

ताई : हा तिथे होता? मला तर म्हणाला, कामावर होतो.

भाऊ : सहज घातली गं मी शीळ. त्याने कान टवकारले, मला मजा वाटली. दोरी आईच्या मनगटाला गुंडाळलेली आहे, हे दिसलंच नाही. मग सगळ्यांना सांगितलं, कुत्रा बिथरला. आई, तू तरी बोलायचंस.

आई : म्हटलं, तू सांगशील. वाट पाहिली. पण त्याला घालवायला निघालास, तेव्हा राहवलं नाही. नाहीतर ऊन काय, घरातही येतं.

ताई : म्हणजे बोलावलं म्हणून गेला बिचारा.

भाऊ : परत कुणी पडलं तर? माझ्याच शिळेवर?

आई : पडलं तर उठेल. मी उठले की. माझं हाड जुळलं रे, तूच अजून त्या दुकानापाशी उभा आहेस.

ताई : माझी बोटं ब्रेकवर आहेत. जा.

भाऊ : त्या अकराच्या माणसांना काय सांगू?

आई : जे खरं आहे ते. आता चालायला लाग.

भाऊ : इथे? ऐकू येतंय का?

ताई : येतंय. अजून थोडा लांब जा.

भाऊ : ताई, ओठ कोरडे पडलेत माझे.

ताई : आई, गुंड्या बघ. शिळेआधीच उठला.

आई : घाल रे बाळा. तो कधीचा उभा आहे.