पोत्यावरचं नाव

नाही भाऊ, तुळसा नावाची कोनी नाही या गावात — एकदा सांगितलं, आता दुसऱ्यांदा सांगतो. तुमी बसा त्या दगडावर, सावली हाये. पंक्चर काढाले वेळ लागते. सायकल लाखांदूरची दिसते, भाड्याची — मागच्या मडगार्डवर नंबर हाये ना, म्हनून ओळखली. तासाचं भाडं चढत असन तुमचं, पन मी का करू, ट्यूब घाईत नाही होत. मी तसा बोलनारा मानूस नाही. सातवीत शाळा सुटली, तवापासून याच कडुलिंबाखाली पाना घेऊन बसतो. गिऱ्हाईक बोलते, मी ऐकतो. आज तुमी गप्प बसून पाहून राहिले, म्हनून मले बोला लागते.

हे पाहा, घमेल्यात ट्यूब बुडवली — दिसला बुडबुडा? बारीक भोक हाये. काट्याचं नाही वाटत मले. टाचनीचं वाटते. मी तुमाले काही म्हनत नाही, भोक पाहून म्हनतो. गावात तासभर थांबाले मानसाले निमित्त तं लागते ना — अन् नेमकी आमच्याच गावापाशी हवा गेली, ना आधी ना नंतर. असन, तसंही असन.

कुठून म्हनलं तुमी? नागपूर. संस्था. बायांच्या कोर्टाच्या केसीत मदत करनारी संस्था. बरं. खिशाले पेन, मांडीवर वही. मागच्या साली एक आला होता, त्याच्याही खिशाले पेन होता. तोही भाऊ-भाऊच करे. मले विचारते, परसरामभाऊ, गाव मोठं चांगलं म्हनते तुमचं, पोरीच्या पाठीशी उभं रायलं म्हनते. मी फुगलो. चांगलं म्हनलं का मानूस फुगते, ट्यूबसारखाच.

मदत? कोनती मदत? कोनं सांगितलं तुमाले? चहावाल्यानं. घ्या, चहावाल्याले माहीत तं मी एकटा कायले लपवू. धान निघालं का घरापरती एक पायली धान, बस. एक पायली — कमी नाही, जास्ती नाही, अन् पैसा तं अजिबात नाही. विहारात बसून ठरलं ते. बायाहीतली पार्वताबाई म्हनली, नोट दिली तं समोरच्याहीचा वकील म्हनन, पैसे घेऊन केस केली पोरीनं. पायलीभर धानाले कोन का म्हनन? ते गिरजाबाईच्या घरी कोठीत जमा होते, लागन तसं बाजारात विकते, त्यातून भंडाऱ्याच्या कोर्टाची तारीख निघते. सरकारी वकील फुकट असते म्हनतात, पन यष्टीचं तिकीट फुकट नाही. दोघी मायलेकी जाते, दोघींची मजुरी बुडते. अन् मजुरी तरी कुठं हाये? केस केली तवापासून धानाच्या रोवन्याले कोनी बोलवत नाही तिले. ज्याच्यावर केस हाये तो गिरनीवाल्याचा भाचा, अन् अर्ध्या गावाचं धान त्याच गिरनीवर भरडते.

यादी? हे पाहा, हेच विचारलं होतं मागच्या साली आलेल्यानंही. यादी नाही. पाटलाच्या मोहल्ल्यातूनही येते धान, कोनत्या घरून ते मी मेलो तरी सांगनार नाही. बाई सूप पदराखाली झाकून आनते, ओतते, चालली जाते, नवऱ्यालेही माहीत नसते. एकदा गिरजाबाईच्या कोठीत पडलं का कोनतं धान कोनाचं, हे गिरजाबाईलेही नाही कळत. तिच्या घराच्या मागंच तं तुळसाचं —

तोंड हाये हे माझं. गेलं निसटून. आता का लपवाचं, हाये तुळसा. पन तिकडं जाऊ नका तुमी. बसा. घासकागद मारू द्या, पॅच बसते का नाही पाहू.

त्या मानसाचं सांगत होतो. त्याले मीच नेलं तुळसाच्या घरी. इथून उठून, दुकान सोडून. तिच्या मायनं बसाले पोतं अंथरलं अंगनात, दुसरं होतंच का घरात. तो बसला, चहा पेला, ना वही काढली, ना काही विचारलं. नुसता पोत्याकडं पाहे. तवा मले नाही समजलं, का हा गिरनीवाल्याचा मानूस हाये. पोत्यावर डांबरानं नाव होतं — आमच्याकडं टाकते जी, गिरनीवर पोती बदलते म्हनून. प. मं. रामटेके. परसराम मंगरू.

हो, माझंच. ठरलं होतं पायली, मी पोतं देलं. पहिल्याच सालची गोष्ट. भरलं पोतं, भर दिवसा, माझ्याच सायकलच्या कॅरिअरवर बांधून नेलं. नाव पुसाचं सुचलं नाही. पायली ओतता आली असती, सूप झाकून, बायाहीसारखी — पन नाही, मले पोतंच द्याचं होतं.

मंग तुळसाची साक्ष झाली भंडाऱ्याले. मी बाहीर झाडाखाली बसलो होतो, आत गेलो नाही. गिरजाबाई होती आत, तिनं यष्टीत सांगितलं सारं. समोरच्या वकिलानं विचारलं, हा प. मं. रामटेके कोन तुझा? पायली-पायलीच्या गावात यानं पोतं काहून देलं? कायच्या बदल्यात देलं? अन् आतले लोक हासले म्हनते. तुळसा म्हनली, मले माहीत नाही. खरंच तिले माहीत नाही. गिरजाबाई मले विचारते, बापा, तू पोतं काहून देलं रे? मी खिडकीतून बाहीर पाहत रायलो, कारध्याचा पूल येऊन गेला तरी मान वळवली नाही.

तुमी नाही विचारलं. पन पाहून तसेच राहिले.

दुसरंही विचारलं त्या वकिलानं तिले. वरडली होती का? ती म्हनली, वरडली, एकदाच, मंग त्या भाच्यानं तोंड दाबलं. कोनी ऐकलं? ती म्हनली, तलावाच्या बांधावरून, पारेवरून सायकल गेली, घंटी वाजली. वकील म्हनते, कोनाची घंटी? आना त्याले. तीन साल झाले, गाव पायली-पायली धान देते, अन् त्या घंटीवाल्याले पाय नाही फुटले? घंटी नव्हतीच, वरडनंही नव्हतं, पोरगी राजीखुशीनं गेली होती. सारी केस आता त्या घंटीवर अडून हाये.

सोल्यूशन वाळू द्या जरा. फुंकून लवकर वाळत नाही, उगाच लोक फुंकते.

दिवस बुडाला होता. मी चैन अन् बेरिंगच्या गोळ्या घेऊन लाखांदूरहून येत होतो. पारेखाली बेशरमाची झाडी हाये, तिकडून आवाज आला. बाईचाच. मले वाटलं — काही नाही वाटलं, खरं सांगतो. भेव वाटला. थांबलो नाही. हात आपोआप घंटीवर गेला. एकदा वाजवली, जसं का कोनाले रस्ता मागावा. वाटलं, घंटी ऐकून जो असन तो पळन. मंग पायडल मारत घरी. जेवलोही त्या दिवशी.

मायलेही नाही सांगितलं हे. तुमाले कायले सांगून राहिलो, तुमचं नावही मी विचारलं नाही. तुमी गिरनीवाल्याकडून आले असान तं मी मेलोच समजा, अन् तीही.

थांबा, टायर आतून चाचपू द्या, नाही तं गावाबाहीर पुन्हा बसते. आई गं, टोचलं. हे पाहा — बाभळीचा काटा. नुसतं टोक, रबरात रुतून होतं. टाचनी नाही, काटाच. ठेवा तुमच्याजवळ. मी उगाच तुमाले...

वहीत का लिवून राहिले? आता कायले लपवता. खोडू नका. लिवा. गुरुवारी तारीख हाये, मी जातो भंडाऱ्याले, या खेपेस आत जातो. तुमी त्याहीचे असान तं त्याहीले दाखवा, आमचे असान तं सरकारी वकिलाले. पन नाव बरोबर लिवा. प. मं. रामटेके. पोत्यावर होतं तसंच.

पैसे? ठेवा खिशात, आज नाही घेत. सायकल घ्या. तिचं घर कोनाले विचारू नका, आल्या रस्त्यानं सरळ जा. अन् भाऊ, पारेवरून जासान तं घंटी वाजवू नका. तिथून तिच्या अंगनात ऐकू जाते. वाजली का ती हातातलं काम सोडून दारात येते.