उलटा बसवलेला कॅमेरा

—हो, ऐकलं मी, ऐकलं, बहिरा नाहीये. स्पर्धेच्या आखाड्याचं वायफाय खराब आहे, तुमचा रोबॉट मध्येच मुका होतो, पोरांनी वर्षभर राबून बनवलाय आणि तुम्हाला तक्रार द्यायचीय. सकाळपासून जो येतो तो हेच तोंड घेऊन येतो. बसू नका, त्या खुर्चीचा पाय गेलाय. उभ्यानेच बोला, डॉक्टर. डॉक्टरच ना? दातांचे का असेनात. आणि गळ्यातल्या पट्टीवर लिहिलंय काय — मार्गदर्शक! कसलं मार्गदर्शन करता हो, ब्रश कसा धरायचा त्याचं? माझं काम सांगतो तुम्हाला, म्हणजे तक्रार लिहिताना चूक होणार नाही. इथे बसून मी बघतो, कुठल्या रोबॉटचं आखाड्याशी बोलणं चालू आहे आणि कुणाचं नाही. ह्या पडद्यावर एकेका संघाची एकेक रेघ. आखाड्याकडे माझी पाठ असते, तिकडे बघायची गरजच नाही. रेघ सरळ म्हणजे यंत्र ऐकतंय, रेघ तुटली की ते जागच्या जागी ठोंब्यासारखं उभं. आणि ते उभं राहिलं रे राहिलं की मार्गदर्शक मंडळी माझ्या अंगावर. स्वतःची बॅटरी उतरलेली, वायरी लोंबतायत — आणि खापर कुणावर? माझ्यावर.

एका संघाने काय करावं? रेडिओ — रेडिओ म्हणजे ती डबी, आखाड्याशी बोलते ती — ती उचलून लोखंडी पेटीत बंद केली. का, तर मजबूत राहील! पेटीत बसून हाक मारली तर बाहेर कुणाला ऐकू येणार आहे? दुसऱ्यांच्या रेडिओचा प्लग सैल. धक्का लागला की निघतो, परत बसला की रेडिओ पहिल्यापासून सुरू होणार, आळोखेपिळोखे देत उठणार, तोवर सामना खलास. त्यांचा मार्गदर्शक मला विचारतो, तुमच्या हवेत दोष आहे का? हवेत! आणि तिसरा तो मास्तर — खिशातल्या फोनचा हॉटस्पॉट चालू ठेवून कठड्याला टेकून उभा. दारावर हातभर अक्षरांत लिहिलंय की आत कुणी स्वतःचं वायफाय चालू ठेवायचं नाही, सगळ्यांच्या रेघा बिघडतात. वाचतंय कोण! काढला त्यांचा संघ सामन्यातून. पोरं रडली. रडू देत. मी काय समजूत काढायला बसलोय?

तुमची रेघ बघितलीय मी. तीच जास्त बघितलीय म्हणा ना. — का म्हणजे? काम आहे माझं. तुमचा वीजपुरवठा नीट आहे. धक्काही नाही, मोकळ्या जागेत चालताना गडबडला. प्लग निघाला असता तर रेघ कात्रीने कापल्यासारखी तुटली असती. तुमची तशी तुटत नाही — विरते, येते, परत विरते. म्हणजे रेडिओ जिवंत आहे, पण त्याच्या कानाशी दुसरंच कोणीतरी ओरडतंय. हे तुम्ही शोधायचं होतं. तुम्ही काय केलंत? काही नाही. तुमच्या पोरांनी मात्र ठरवून टाकलं की चालवणारी मुलगीच बावळट. पुढच्या सामन्याला तिच्या हातातून यंत्र काढून घेणार आहेत, हो ना? इथे सगळं कानावर येतं. आणि मार्गदर्शक मूग गिळून गप्प! तुमची स्वतःची मुलगी असती तर—

माहीत आहे मला. नका सांगू. दारातून आत आलात तेव्हाच ओळखलं, लग्नाचा फोटो पाहिलाय मी. फोटोत केस जास्त होते. तिच्या आईशी लग्न केलंत ते केलंत, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, पण म्हणून उद्या उठून कोणी बाप होत नाही. बाप मी आहे. टिल्ली एवढीशी होती तेव्हा रिमोटची गाडी खाटेखाली घालायची आणि चारही पायांना वळसे मारून बाहेर काढायची, एकदा घासायची नाही. ती पोरगी बावळट? त्यांना म्हणावं आधी नाकं पुसा. — भेटलो का? कसा भेटणार, कामावर आहे. संघांच्या जागेत आम्हाला जायला बंदी आहे. नियम आहे तसा. — असेल लिहिलेला कुठेतरी! तुम्ही नियमाचं मला शिकवू नका, ती ढकलगाडी पुढे घ्या आणि यंत्र दाखवा.

हं. रेडिओ वर, मोकळ्यावर. प्लगला वरून पट्टी बांधलीय. वायरी नीट ओवल्यात. हे कुणी केलं? — तिने? एकटीने? बरं. ठीक आहे. वाईट नाही. आणि हे काय? हा इथे मागे चिकटवलेला डोळा? कॅमेरा! कुणाचं डोकं हे? तुमचं? वाटलंच. आणि लावलाय तोही उलटा! यंत्र पुढे पळतंय आणि कॅमेरा मागे बघतोय, धन्य आहे. वायर कुठाय ह्याची? नाहीच. म्हणजे चित्र हवेतून जातंय. कुठे जातंय? बोला ना. — तुमच्या फोनवर. म्हणजे हॉटस्पॉट चालू. प्रत्येक सामन्याला. पोरांना माहीत आहे? नाही! आज सकाळी गुपचूप चिकटवलात! वा, डॉक्टर, वा. रेडिओच्या मानगुटीवर ओरडणारा नेऊन बसवलात, पोरगी खाली मान घालून शिव्या खातेय आणि तुम्ही तोंड वर करून माझी तक्रार घेऊन येता? संपला तुमचा खेळ. नियमाने तुमचा संघ बाद, सकाळी मास्तरला लावला तोच नियम. लिहितोच आता.

— फोनवरून पुढे पाठवत होतात? एवढं दाखवत कुणाला होतात? तिची आई तर समोर पायऱ्यांवर बसलीय, येताना दिसली मला, तोंड फिरवलं तिने. मग कुणाला? — आजीला? तुमच्या आईला काय कळतं त्यातलं? — कुणाच्या? परत बोला. माझ्या?

काहीतरी सांगू नका. माझी आई घराबाहेर पडत नाही, गुडघे गेलेत तिचे. — त्यासाठीच? आणि कॅमेरा उलटा नाही म्हणता. यंत्र काय करतं ते तिला बघायचंच नाही, चालवताना नातीचा चेहरा बघायचाय. हे ती म्हणाली? तुम्हाला? खोटं आहे. मला बोलली असती ती. दर रविवारी जातो मी तिच्याकडे, तुमच्यासारखा फोनवरून गोड बोलत नाही. गेलो की पहिला प्रश्न, टिल्ली भेटली का? भेटली म्हणतो. दुसरं काय म्हणणार, म्हातारीचा जीव तो. भेटली, आइस्क्रीम खायला नेलं, तुझी आठवण काढत होती. खोदून खोदून विचारते हो. आता कशी दिसते? म्हटलं, चांगली उंच झालीय, लांब वेणी घालते. छान दिसत असेल, म्हणाली. मागच्याच रविवारची गोष्ट. —

केस कापलेत? केव्हा? — एवढे बारीक? आणि आईने बघितलेत? — रोज? दोघी रोज बोलतात? म्हणजे मी वेणी सांगत होतो तेव्हा ती... छान दिसत असेल म्हणाली हो ती. वर मला चहा करून दिला. गुडघे धरून धरून उठली आणि चहा केला.

असे बघू नका माझ्याकडे. दया दाखवायला दवाखान्यात पेशंट असतील तुमचे. तो कॅमेरा काढा आधी. ओढा, गोंदच आहे तो. इकडे द्या, खणात टाकतो, नाही पाहिला मी. मास्तरला काय तोंड दाखवायचं ते माझं मी बघेन, कुणाला कळलं तर ही खुर्चीही जाईल — जाऊ दे, पाय गेलेलाच आहे हिचाही. हॉटस्पॉट बंद. बंद केलात? दाखवा. आता अक्कल वापरा जरा, मोबाईलचं नेटवर्क वेगळं आणि वायफाय वेगळं. फोन सरळ हातात धरून व्हिडिओ कॉल लावला असतात तर कुणाचं काही बिघडलं नसतं. तिचा चेहरा दिसायला कठड्याच्या आत उभं राहावं लागतं आणि तिथे आमच्याशिवाय कुणाला सोडत नाहीत, म्हणून हे घ्या माझं ओळखपत्र. गळ्यात घाला. फोटोवर बोट ठेवा, कोणी बघत नाही. — मी? मी कशाला जाऊ? ह्या रेघा कोण बघणार?

आणि जायच्या आधी त्या पोरांना सगळ्यांसमोर सांगा की चूक तुमची होती. तिची नव्हती. नीट मोठ्याने सांगा, दात काढायच्या आधी पेशंटला सांगता तसं पुटपुटू नका. यंत्र तीच चालवेल. नाहीतर मी स्वतः येऊन— नाही. तुम्हीच सांगा.

फोन वाजतोय तुमचा. चित्र नाही आलं म्हणून करत असेल. बघू? — आई. आई असं नाव टाकलंय तुम्ही? माझ्या आईला तुम्ही... असो. उचला. उचला हो, घाबरते ती नाहीतर. आत्ता नाही, बाहेर जाऊन. सांगा, आलंच चित्र म्हणून. मी इथे आहे हे सांगायचं नाही. कुणी दुरुस्त केलं विचारलंच तर सांगा, होता कोणीतरी इथला. मशीनवाला. आणि ती रविवारी मी येणार का विचारेल, तर — तुम्हाला काय माहीत, तुम्ही कशाला सांगताय! निघा आता. कामं पडलीत माझी. दार लावून घ्या.