मुठीची ताकद
तपासणीचा हुकूम काढणाऱ्या साहेबांनो, मुठीची ताकद मोजायचं यंत्र पाठवलंत, पण हातांचा विचारच केला नाहीत. कपडे धुण्याच्या कारखान्यात रांगेत माझ्यापुढे एक मावशी होती, टेबलामागे तपासनीस.

"दाबा जोरात, मावशी."

"दाबतेय की! दांडी बोटांत येतच नाही."

"अठरा किलो. विसाच्या खाली नापास. उद्यापासून काम बंद."

"बावीस वर्षं ओल्या चादरी पिळतेय, दादा. तुमची मान पिळून दाखवू?"

"नियम आहे."

"ही दांडी सरकते ना?"

"सरकते. सकाळी पहिल्या हमालाच्या पंजाच्या मापाला लावली, ती तशीच राहिली."

"मग माझ्या पंजाला लावा."

"लावली. दाबा. सव्वीस!"

"आणि सकाळपासून घरी पाठवलेल्या नऊ बायका?"

"त्यांची यादी वर गेली."

"मग लावा वर फोन. त्यांना परत कधी घेणार, ते माझ्यासमोर विचारा."