दगड उडतो, लांब थांबा

बसा की पावणं, लोणीपसनं उन्हात आलाय — तर ह्या खड्डे काढायच्या मशीनच्या पात्याचं म्हनत व्हतो. नऊ इंची का बारा, ते जमीन बघून ठरवायचं. लोक मशीनचा रंग बघून घेत्यात. मी न्हाई. दोन हजार तीन साली मंचरच्या प्रदर्शनात समोर उभं ऱ्हाऊन बघितलं — हायड्रोलिक, ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं, दांडी वढली की पातं गरागरा जमिनीत! मागनं कळलं, तिथली माती आदल्या दिवशीच खणून भुसभुशीत करून ठिवलेली — पर ते जाऊ द्या. आपलं मशीन खडकाचं हाय.

आमच्या आळे गावात पयलं मशीन माझं, ह्या तुळशीदासाचं. हार घातला, पेढे वाटले, आख्खं गाव बांधावर. पातं वीतभर मुरमात गेलं, खडकाला टेकलं, आन् — हसू नका — पातं खाली जाईना म्हनून ट्रॅक्टरच मागनं वर! चाकं हातभर अधांतरी. लोक म्हनले, काय ताकद हाय राव! टाळ्या वाजवल्या. आता टाळ्या पडल्यावर मानसानं काय सांगायचं? मी म्हनलं, दगड उडतो, हितनं पुढं मशीन चालताना बांधावर कुनी थांबायचं न्हाई. तवापसनं तसा नेमच पडला.

भाड्यानं? गेलं की! सयाजीच्या कुंपनाला एकशे चाळीस खड्डे, चांगदेवच्या मांडवाला नव्वद. गोल, एकसारखे, दोन हात खोल. सयाजी घरी बसून ट्रॅक्टरचा आवाज ऐकायचा आन् म्हनायचा, काय चाललंय मशीन! — डिझेल? लई कमी. जाग्यावर उभं ऱ्हाऊन खानार किती? — म्हंजी, खड्ड्याच्या जाग्यावर. चालवायला मी आन् आमची मंडळी, द्रौपदा. बाई कशाला? माती काढायला. मशीन माती काढतं म्हनता? तुमच्यातलं काढत आसंल. आमच्या मशीनला बाई लागती.

इकायचं कशापायी — बरं इचारलं. द्रौपदाची कंबर गेली. डॉक्टर म्हनला, पहार हातात धरायची न्हाई — पहार म्हंजी, जड काय बी. परवा तिला पान्याचा हंडा उचलंना, खाली बसली ती बसलीच. म्हनली, तुमचं नाव ऱ्हाऊ द्या, मला तेवढं उठवा. लई वाईट वाटलं पावणं. रडलो मी, खोटं न्हाई सांगत. आन् तिकडं गेणू द्राक्षाच्या मांडवाला सहाशे खड्डे मागतोय. सहाशे! मशीन दारात असताना न्हाई कुठल्या तोंडानं म्हनू? मशीन इकलं म्हनलं का सुटलो, नाव बी ऱ्हायलं. म्हनून तुमाला येवढ्या स्वस्तात —

चालवून दावू? दावतो की. तुमी तेवढं त्या बांधाच्या पल्याड थांबा. जवळनं बघायचंय? दगड — बरं, न्हाई उडत. एवढ्यात वाकून काय बघताय? पात्याचे दात? हां, रंग हाय अजून दातावर. चांगल्या कंपनीचा रंग, खडकानं बी जात न्हाई.

ती पहार कशाला उचलली? ठिवा ती. झिजली म्हंजी काय, लोहाराकडनं चारदा टोक काढून आनलीय. — माझे तळहात कशाला बघताय, राव? शेतकऱ्याचे हात हैत.

काय? मशीन नगं — पहारीचं काय घेनार?

ती इकायची न्हाई. द्रौपदा, ऱ्हाऊ दे चहा, तू उठू नगंस, पावणं निघालेत. या तुमी. आन् फाट्याव गेणू भेटंल, त्याला तेवढा सांगावा द्या — म्हनावं सोमवारी मशीन येतंय. एकटा तुळशीदासच येनार हाय, जरा दिस लागतील. आन् दगड उडतो म्हनावं. लांब थांब.