तरंगणारी बाई

कॉलेज सोडून मी निपाणीतल्या सोफ्याच्या दुकानासाठी कॉम्प्युटरवर जाहिरातीची चित्रं करायला लागलो, तेव्हाचं सांगतो. सोफ्यावर बसलेल्या बाईचं पहिलंच चित्र बघून मालक आप्पा म्हणाले, "ही बाई बसलीय का तरंगतीया रं? उद्यापर्यंत जमलं न्हाय, तर काम बंद!"

चूक खरी होती, गादी दबलीच नव्हती. पण दबलेली गादी मी बघणार कुठं? ह्या थोर आप्पांनी घरात, दुकानात, सगळ्या सोफ्यांवर प्लास्टिक तसंच ठेवलेलं.

मी तिथंच एका सोफ्याचं प्लास्टिक टराटरा फाडलं.

"बसा, आप्पा."

"आरं, खराब हुईल!"

"बसा म्हणतो न्हवं!"

बसले. गादीचा खड्डा, मांडीखालची सावली, सगळं फोटोत घेतलं. दुसऱ्या दिवशी चित्रातली बाई ऐसपैस बसली.

"व्हय, आता बसली," आप्पा म्हणाले, आणि त्या सोफ्यावर नवं प्लास्टिक चढवायला लागले.