कुलरसमोरची भिंत

बार्शीटाकळीहून अकोल्याला निघालेल्या एसटीत नीलमने मोबाइल डोळ्यांपुढे धरला होता. कान मात्र पुढच्या सीटवरच्या नवराबायकोकडे होते.

"पुट्टीवाला आजपन परत गेला," बाई म्हणाली. "म्हणते, भित ओलीच हाय."

"पाइप फुटून हप्ता झाला, जमुना. मी तं रोज रात्री भितीसमोर कुलर लावून राहिलो."

"अन् त्याच्याच समोर खाट टाकून झोपून राहिले."

"कोनी ध्यान ठेवाले नको काय?"

"घोरता तुमी. त्याले ध्यान नाही म्हनत."

"पन कुलरात मी पान्याचा एक थेंब नाही टाकला. निसती कोरडी हवा. मंग भित सुकत काहून नाही?"

बाई खिडकीबाहेर पाहू लागली.

"काय वं, चूप काहून बसली?"

"तुमाले लय घाम येत होता. तुमी झोपले का मी कुलरात पानी टाकून मोटर सुरू करत होती."

नीलमने ओढणी तोंडाशी धरली.

"अन् रविवारी पोरीच्या सासरचे येऊन राहिले, जमुना."

"मंग आजपासून नाही टाकत पानी."

नवऱ्याने रुमालाने मानेवरचा घाम पुसला.

"टाकत जाय तू पानी. पाहुन्याइले आपन निंबाखाली बसवू."